निकाल हाती आला, आता जपानीची वही उघडा

मार्च-एप्रिल उजाडला की शाळांच्या बातम्यांना भर येतो. सावेडीत काय, शेजारच्या मुकुंदनगरात काय, वार्षिक परीक्षा, दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ, मग महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकालपत्रक आणि मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल, असा हा क्रम ठरलेला आहे. त्यानंतर बिरादरीत गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. शाल, पुष्पगुच्छ, ट्रॉफी आणि छायाचित्र. वर्तमानपत्रात नावे छापून येतात आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते.

शाळेच्या बातम्या व्यापार-उद्योगाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, निकालाचा दिवस हा कारागिराच्या घरातला व्यवहाराचाच दिवस असतो. वेल्डरचा, सुताराचा, गॅरेजवाल्याचा मुलगा पुढे काय करणार, हे त्या आठवड्यात ठरते. काही मुले आयटीआयला जातात, काही कॉलेजात, तर काही थेट बापाच्या दुकानात बसतात. आणि काहींच्या घरी त्याच दिवसांत परदेशी पाठवणारा दलाल चहाला येतो. अलीकडे तो आखाताबरोबर जपानचेही नाव घेऊ लागला आहे. म्हणून जपानी भाषा हा विषय आम्ही आज घेतला आहे.

आखात आणि जपान यांतला फरक

आखातात आपली माणसे दोन-तीन पिढ्या जात आली आहेत. तिथे हिंदी-उर्दूवर भागते, मुकादम बहुधा आपल्याच भागातला असतो आणि बाकीचे काम हात बोलतात. जपानात तसे नाही. तिथल्या कारखान्यातली सूचना, औषधाची चिठ्ठी, भाडेपट्टा, बसची पाटी, सगळे जपानीत. इंग्रजी येणारा मुलगाही तिथे अडतो. म्हणूनच कुशल कामगारांना घेताना जपान सरकारने भाषेची अट घातली आहे.

ही व्यवस्था समजून घेऊ. एप्रिल २०१९ पासून जपानने 'तोकुतेई गिनो' म्हणजे विशिष्ट कुशल कामगार असा परवाना सुरू केला. भारताशी याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वय किमान १८ असावे, आपल्या कामाची कौशल्य चाचणी उत्तीर्ण व्हावी आणि जपानीची ठरावीक पातळी दाखवावी, या मुख्य अटी आहेत. पहिल्या प्रकारच्या परवान्यावर एकूण पाच वर्षे राहता येते, मात्र बायकामुलांना सोबत नेता येत नाही. वरच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारात कुटुंब नेता येते. पगार त्याच कामाच्या जपानी कामगारापेक्षा कमी असू नये, असा नियम आहे.

कामाची क्षेत्रे सुरुवातीला १४ होती, ती जोडून १२ झाली आणि २०२४ मध्ये चार नव्यांची भर पडून १६ झाली. त्यांत यंत्रकाम व वेल्डिंगसारखी कारखानी कामे, बांधकाम, मोटार दुरुस्ती, खाद्यपदार्थ निर्मिती, हॉटेल, इमारतींची सफाई, वृद्धांची शुश्रूषा, शेती आणि नव्याने आलेले लाकूडकाम आहे. ही यादी वाचताना आमच्या बऱ्याच वाचकांना आपलीच गल्ली आठवेल. मार्च २०२४ मध्ये जपान सरकारने पुढील पाच वर्षांसाठी अशा कामगारांची कमाल संख्या ८ लाख २० हजार धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या भेटीत पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीयांना जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले.

कारण उघड आहे. जपानात म्हातारी माणसे वाढली, मुले कमी झाली आणि हाताने काम करणारा मिळेनासा झाला. हुनर आपल्याकडे आहे. अडसर आहे तो भाषेचा, आणि तो पैसे भरून हटत नाही.

परीक्षा कशी असते

जपानी भाषेच्या प्रवीणतेची परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. वर सांगितलेल्या परवान्यासाठी साधारणपणे एन-४ लागते. तिच्याऐवजी संगणकावर होणारी जपान फाउंडेशनची मूलभूत जपानीची चाचणीही चालते. मोठी परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, जुलैतही एक होते. महाराष्ट्रात तिची केंद्रे पुणे आणि मुंबई येथे आहेत. डिसेंबरच्या परीक्षेचे अर्ज काही महिने आधीच, पावसाळ्यात भरावे लागतात, हे ध्यानात ठेवावे. दिवाळीनंतर जागे होऊन उपयोग नाही.

गुण १८० पैकी. एन-५ ला ८० आणि एन-४ ला ९० मिळाले की उत्तीर्ण. पण त्यात एक मेख आहे. शब्द-व्याकरण-वाचन यांच्या १२० गुणांपैकी किमान ३८ आणि ऐकून समजण्याच्या ६० गुणांपैकी किमान १९ वेगवेगळे मिळावे लागतात. वाचनात भरपूर मिळवून ऐकण्यात १५ मिळाले, तर एकूण कितीही होवोत, नापास. शिवाय या परीक्षेत बोलायला आणि लिहायला लावत नाहीत, पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. त्यामुळे काही मुले दाखला मिळवतात, पण मालकाच्या मुलाखतीत तोंड उघडत नाही. बोलण्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

मराठी-उर्दू बोलणाऱ्याला सोपे काय

जपानी म्हणजे फार कठीण, असा समज आहे. लिपीच्या बाबतीत तो काहीसा खरा, बोलीच्या बाबतीत बराच खोटा. इंग्रज माणसाला जे उलटे वाटते ते आपल्याला सरळ वाटते.

एक वाक्य घेऊ. 'वाताशी वा मिसे दे कामी ओ काइमासु.' वाताशी वा म्हणजे मी, मिसे दे म्हणजे दुकानात, कामी ओ म्हणजे कागद, काइमासु म्हणजे विकत घेतो. मी दुकानात कागद विकत घेतो. शब्दाखाली शब्द ठेवून पाहा, क्रम तोच. क्रियापद शेवटी आणि विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या मागे, ही मराठीची आणि उर्दूची रीत जपानीतही आहे. आपल्या 'त'ला त्यांचा 'दे', आपल्या 'चा-ची-चे'ला त्यांचा एकच 'नो'. 'वाताशी नो मिसे' म्हणजे माझे दुकान.

प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावतात, अगदी आपल्या 'येतोस का?' सारखा. 'कोरे वा इकुरा देसु का?' म्हणजे याची किंमत काय? आणि आपण 'छान आहे ना' म्हणतो तसा ते शेवटी 'ने' लावतात. हे साम्य योगायोगाचे आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी पडते. उलट घेतो-घेते-घेतात असा लिंगवचनाचा घोळ तिथे नाही. पुरुष, बाई, एक, अनेक, सर्वांना 'काइमासु'च.

मोजण्याच्या बाबतीत कापड बाजारातल्या माणसाला जपानी ओळखीची वाटेल. आपण कागदाचे ताव, कापडाचे तागे, बाकीचे नग मोजतो. जपानीत हीच पद्धत जवळजवळ प्रत्येक वस्तूला आहे. चपट्या वस्तूला 'माइ', लांबोड्या वस्तूला 'होन'. इंग्रजी शाळेतल्या मुलाला हे पाठ करावे लागते, दुकानात वाढलेल्या मुलाला पटकन उमगते. आदरार्थी बोलणेही तसेच. थोरांशी वेगळे, बरोबरीच्यांशी वेगळे बोलायचे असते, हे आपल्या घरात मुलाला लहानपणीच शिकवलेले असते.

अवघड काय

लिपी तीन आहेत. हिरागाना आणि काताकाना या अक्षरांच्या, प्रत्येकी ४६ मूळ चिन्हांच्या. तिसरी कांजी, चिनी चित्राक्षरांची. त्यांतली नेहमीच्या वापराची म्हणून जपान सरकारने २०१० मध्ये २,१३६ ठरवली. घाबरून जाण्याचे कारण नाही. तिथल्या मुलांनाही प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ शिकवतात, आणि सुरुवातीच्या परीक्षांना काही शेकडा पुरतात. काही चित्राक्षरांत तर्कही आहे. एक झाड काढले की झाड, दोन झाडे शेजारी काढली की राई, तीन काढली की जंगल.

पहिल्या दोन लिपींचा क्रम तर आपल्या बाराखडीचा दूरचा नातेवाईक आहे. आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत उच्चारांचा अभ्यास जपानात नेला, त्यातून ही मांडणी आली. मात्र त्यांच्याकडे 'ल' नाही, 'ट-ड' नाही, आणि 'न' सोडला तर व्यंजनावर शब्द संपत नाही. त्यामुळे सलीमचा 'सारीमु' होतो आणि अहमदचा 'आफुमादो'. यात चेष्टेचे काही नाही. शब्द परक्या जिभेवर गेला की झिजतोच. सावेडीतल्या भिस्तबागेचे मूळ फारसी 'बेहश्त बाग' आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

या दोन लिपी नुसत्या वाचता आल्या तरी जपानात रोजचा एक प्रश्न हलका होतो, तो जेवणाचा. 'बुता' म्हणजे डुक्कर, 'रादो' म्हणजे डुकराची चरबी, 'झेराचिन' म्हणजे जिलेटिन, 'मिरिन' म्हणजे स्वयंपाकात वापरतात ते गोड मद्य, हे शब्द पाकिटावर ओळखता आले पाहिजेत. मोठ्या शहरांत हलाल दुकाने आहेत, पण कारखाने बहुधा लहान गावांत असतात. तिथे आपले डोळेच कामी येतात.

हिशेब दिवसांचा

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. हिरागाना आणि काताकाना मिळून ९२ चिन्हे. रोज तीन गिरवली तर ३१ दिवस. म्हणजे वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या सुट्टीत दोन्ही लिपी हातात बसतात आणि उजळणीला काही दिवस उरतात.

परीक्षेच्या जुन्या चार पातळ्या होत्या तेव्हा, सर्वांत खालच्या पातळीला सुमारे १५० तास आणि तिच्या वरच्या पातळीला एकूण सुमारे ३०० तासांचा अभ्यास धरलेला होता. आजची एन-५ आणि एन-४ साधारण त्यांच्याच जागी आहेत. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, असे धरले तर ३०० तासांना ५० आठवडे लागतात. एका निकालापासून पुढच्या निकालापर्यंत एक वर्ष. आयटीआयचा अभ्यासक्रम चालू असतानाच हे होऊ शकते. दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलाला तर चुकायला आणि पुन्हा परीक्षा द्यायलाही सवड आहे.

'तीन महिन्यांत एन-४, नोकरी पक्की' अशी जाहिरात कोणी केली, तर वरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

शिकायचे कुठे

पुणे हे देशात जपानी शिकवण्याचे एक मोठे ठिकाण आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि जपानी शिक्षकांची संघटना यांनी तिथे हे काम रुजवले. सावेडीहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. रोज जाणे शक्य नाही, पण आता वर्ग मोबाइलवर भरतात. जपान फाउंडेशनने 'इरोदोरी' हे जपानात राहण्यासाठी लागणाऱ्या भाषेचे पुस्तक ध्वनिफितींसह विनामूल्य उपलब्ध केले आहे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने हिंदीत आणि उर्दूतही जपानीचे धडे काढले आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांना याचा विशेष उपयोग व्हावा.

शहरातच हे होते असेही नाही. छत्रपती संभाजीनगरपासून (तेव्हाचे औरंगाबाद) सुमारे २५ किलोमीटरवरील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना विचारले गेले की, परदेशी भाषा कोणती शिकाल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ असलेल्या चौथी ते आठवीच्या मुलांनी जपानी निवडली. गावात शिकवणारा नव्हता, पुस्तके नव्हती. जाणकारांच्या मदतीने, बरेचसे इंटरनेटवरून, ती मुले शिकली. आमच्याच रस्त्यावरच्या शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. सावेडीतल्या शाळांकडे त्यापेक्षा साधने निश्चितच जास्त आहेत.

जपानला न जाताही

सगळ्यांनी जपानला जावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. नगर-पुणे रस्त्यावर सुपा-पारनेर येथे एमआयडीसीने जपानी उद्योगांसाठी क्षेत्र ठेवले आहे आणि भारत-जपान यांनी ठरवलेल्या जपानी औद्योगिक वसाहतींच्या यादीत सुप्याचे नाव आहे. पुण्याच्या बाजूला जपानी कंपन्या आधीपासून आहेत. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याकडे, दुभाषाकडे, भाषा जाणणाऱ्या सुपरवायझरकडे काम आहे. मात्र त्यासाठी एन-४ वर थांबून चालत नाही, एन-३ आणि पुढे जावे लागते.

आपल्या नागापूर एमआयडीसीतल्या कारागिरांना तर जपानी शब्द आधीच ठाऊक आहेत. भिंतीवर 'फाइव्ह-एस'चा फलक असतो ना, ते पाच एस म्हणजे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके. नको ते काढून टाकणे, हवे ते जागेवर ठेवणे, झाडून पुसून घेणे, ही स्थिती टिकवणे आणि त्याचे वळण लावणे. 'काइझेन' म्हणजे सुधारणा, 'पोका-योके' म्हणजे चूक होऊच नये अशी रचना. हे वळण तिथे शाळेतच लागते. जपानी शाळेत वर्ग आणि व्हरांडे मुले स्वतः झाडतात, आणि मार्चमध्ये वर्ष संपले की एप्रिलमध्ये नवे सुरू होते. कारखान्यांत नवी पोरेही १ एप्रिललाच रुजू होतात.

व्यापार आधी, भाषा मागोमाग

हा संबंध आजचा नाही. १८९३ मध्ये मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान नियमित जहाजे सुरू झाली, ती मुख्यतः आपल्या कापसासाठी. कोबेत स्थिरावलेल्या भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी १९३५ मध्ये तिथे मशीद उभारण्यात मोठा वाटा उचलला. जपानमधली ती पहिली मशीद. दुसऱ्या बाजूने जपान्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. तोक्योच्या परकीय भाषा विद्यालयात त्यांनी हिंदुस्तानीचे वर्ग काढले आणि १९०९ मध्ये भोपाळचे मौलाना बरकतुल्ला यांना शिकवायला नेमले. ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याची भाषा शिकायची, हे त्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखले होते.

दलालाआधी वही

शेवटी पैशाचे. परदेशात नोकरी लावणाऱ्याला १९८३ च्या कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. २०१७ च्या दुरुस्त नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो, त्याची पावती द्यावी लागते. दोन-चार लाख रोख मागणारा माणूस नियमात बसत नाही, हे साधे गणित आहे. सर्वच क्षेत्रांच्या कौशल्य चाचण्या भारतात होतात असेही नाही, म्हणून आपल्या ट्रेडची चाचणी कुठे होते, ते आधी विचारावे. जुनी प्रशिक्षणार्थी योजना बदलून तिच्या जागी नवी योजना एप्रिल २०२७ पासून आणण्याचा कायदा जपानने जून २०२४ मध्ये केला. त्यामुळे जुन्या माहितीवर व्यवहार करू नये.

दागिने गहाण टाकून आधी एजंट आणि मग भाषा, हा क्रम उलटा आहे. ज्याच्या हातात एन-४ चा दाखला आणि ट्रेडचे प्रमाणपत्र आहे, त्याला एजंट शोधत येतो. ज्याच्या हातात दोन्ही नाही, तो एजंटाच्या मागे फिरतो.

म्हणून बिरादरीच्या संस्थांना आणि जमातींना आमची एक सूचना आहे. यंदाच्या गुणगौरवात ट्रॉफीचा खर्च थोडा कमी करा आणि त्या पैशातून दहा मुला-मुलींची जपानी परीक्षेची फी भरा. केवळ नव्वद टक्केवाल्यांची नव्हे. पंचावन्न टक्के मिळवून बापाच्या गॅरेजात संध्याकाळी पाना धरणाऱ्या मुलाचीही भरा, कारण या परीक्षेची खरी गरज त्यालाच आहे. शाळांनी सुट्टीत एखादी खोली उघडी ठेवली, मशिदीच्या किंवा संस्थेच्या हॉलमध्ये संध्याकाळचा एक तास आणि एक मोबाइल जोडलेला पडदा मिळाला, तरी वर्ग सुरू होऊ शकतो. मुलींना वगळू नका. शुश्रूषेच्या आणि दुभाषाच्या कामात त्यांना मोठा वाव आहे.

आणि ज्या घरी निकाल आला असेल, त्यांनी दोनशे पानी वही आणावी. पहिल्या दिवशी तीन अक्षरे गिरवावीत: आ, इ, उ.